घरचा अभ्यास : पाव, पाऊण आणि पदार्थविज्ञान

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक लहानशी सभा भरली होती. धाकट्या भावोजींच्या कन्येनें शास्त्रशाखा सोडून वाणिज्यशाखेस जावें कीं काय, हा सभेपुढील विषय. मुलगी दहावीस चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झालेली. परंतु अकरावीच्या पहिल्याच चांचणींत पदार्थविज्ञानांत, म्हणजे हल्लींचीं पुस्तकें ज्यास भौतिकशास्त्र म्हणतात त्या विषयांत, तिला पंचविसांपैकीं अवघे अकरा गुण मिळाले. दोन दिवस ती धड जेवली नाहीं. तिसरे दिवशीं म्हणाली, "माझं डोकंच गणिताचं नाही." शाखा बदलण्याची मुदत आठ दिवसांनीं संपत होती, आणि भावोजींनीं अर्ज आणूनही ठेविला होता. पोरीच्या डोळ्यांस पाणी आणणारी विद्या हवी कशाला, असें सासूबाईंचें मत पडलें. पुरुषमंडळींचें मौन पाहतां ठराव जवळ जवळ मंजूर झाल्यासारखाच होता.

मीं तिची उत्तरपत्रिका मागितली. वाणिज्यशाखा कमी प्रतीची आहे असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. आमचे थोरले चिरंजीव त्याच शाखेचे, आणि साऱ्या घराचा हिशेब तेच पाहतात. परंतु एखादी वाट आवडत नाहीं म्हणून सोडणें निराळें, आणि वाटेंत एक धोंडा आडवा आहे म्हणून सोडणें निराळें. हा धोंडा कोणता आहे, हें अद्यापि कोणी पाहिलेंच नव्हतें.

पत्रिका घेऊन मी माजघरांत बसलें. सूत्रें बहुतेक सर्व बरोबर होतीं. आकृत्याही सुबक होत्या. गेलेल्या चौदा गुणांपैकीं विषय न समजल्यामुळें गेलेले गुण मला तीनच सांपडले. उरलेले अकरा अपूर्णांकांच्या आणि एककांच्या घोटाळ्यांत गेले होते. पांचवी-सहावीच्या गणितानें अकरावीच्या मुलीस पाडलें होतें, आणि आळ मात्र पदार्थविज्ञानावर आला होता. शाळेंत मीं कांहीं वर्षें गणित शिकविलें आहे, त्यावरून सांगतें कीं ही गोष्ट एकट्या आमच्याच घरची नव्हे.

पहिलें उदाहरण आगगाडीचें. मुंबई ते पुणें हा लोहमार्ग १९२ किलोमीटरांचा. गाडीस ३ तास १२ मिनिटें लागलीं, तर तिचा सरासरी वेग किती? मुलीनें वेळ ३.१२ तास अशी लिहून १९२ ला ३.१२ नें भागलें, आणि ताशीं ६१.५४ किलोमीटर असें उत्तर काढलें. उत्तर दिसावयास इतकें सालस कीं तिला संशय येण्याचें कारण नव्हतें. परंतु दशांशचिन्हाच्या उजवीकडील बारा हे शंभरांतील बारा, आणि घड्याळांतील बारा हे साठांतील बारा. साठांतील बारा म्हणजे एक पंचमांश. तेव्हां वेळ सव्वातीन तासांस किंचित् कमी, म्हणजे ३ पूर्णांक १/५, म्हणजेच १६/५ तास. १९२ ला १६/५ नें भागावयाचें तर पांचानें गुणून सोळानें भागावें. उत्तर ताशीं ६० किलोमीटर.

मामंजी पलीकडे आरामखुर्चीवर पंचांग चाळीत बसले होते. वय वर्षें शहाऐंशी. ऐकूं कमी येतें असा आमचा समज. ते एकाएकीं म्हणाले, "तीन तास बारा मिनिटं म्हणजे आठ घटका. आठ घटकांत एकशें ब्याण्णव, म्हणजे घटकेस चोवीस. घटका असते चोवीस मिनिटांची. मिनिटास एक किलोमीटर, तासास साठ. एवढ्याला कागद कशाला हवा?"

मुलगी त्यांच्याकडे पाहतच राहिली. "आजोबा, तुम्हांला फिजिक्स येतं?"

"मला पावकी येते," मामंजी म्हणाले, आणि पुन्हां पंचांगांत शिरले.

ज्यांच्या घरीं त्या वयाचीं वडील माणसें आहेत त्यांना या पाढ्यांची ओळख करून द्यावयास नको. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. तिन्हीसांजा दिवा लागला कीं परवच्याबरोबर हे पाढे मुलांकडून म्हणवून घेत. त्यामागें कांहीं गूढ नव्हतें. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार; शेराचे पाव चार, पायलीचे शेर चार, आणि अधोली म्हणजे अर्धी पायली. ज्या व्यवहारांत प्रत्येक वस्तूचे दोन, चार किंवा सोळा भाग होत, त्या व्यवहारांत अपूर्णांक हा पुस्तकांतला धडा नसून दुकानांतली भाषा होती. पुढें १ एप्रिल १९५७ पासून नाणें दशमान झालें, आणि १९५६ च्या कायद्यान्वयें वजनमापेंही टप्प्याटप्प्यानें मेट्रिक झालीं. सुधारणा उत्तमच झाली. गांवोगांवचा शेर निराळा असण्यांत कोणाचें हित होतें हें दुकानदारांसच ठाऊक. त्या पाढ्यांचा जीर्णोद्धार करा, असें मी कोणास सांगणार नाहीं. परंतु जुन्या मापांबरोबर पाव आणि पाऊण यांचा तोंडचा सरावही घरांतून गेला, आणि त्याच्या जागीं दुसरा कोणताही सराव आला नाहीं. दशांशचिन्हानें सर्व काम भागेल असें आपण धरून चाललों. पदार्थविज्ञानांत तें भागत नाहीं. कारण त्या शास्त्रांत वेग, घनता, दाब ही प्रत्येक राशि मुळांतच एक भागाकार आहे.

ही गोष्ट मुलांस कोणी स्पष्ट करून सांगत नाहीं. 'ताशीं ६० किलोमीटर' हा एक अपूर्णांकच आहे. अंशस्थानीं ६० किलोमीटर, छेदस्थानीं १ तास. हें एकदां पटलें म्हणजे एककांचा बागुलबोवा निम्मा नाहींसा होतो. किलोमीटराच्या जागीं १००० मीटर लिहावे, तासाच्या जागीं ३६०० सेकंद लिहावे, आणि नेहमींप्रमाणें संक्षेप द्यावा. ६० गुणिले १००० भागिले ३६०० म्हणजे सेकंदास १६ पूर्णांक २/३ मीटर. शिकवण्यांच्या वर्गांत मुलांस ५/१८ नें गुणण्याचा एक मंत्र पढवितात. मंत्र खरा आहे, १००० छेद ३६०० चेंच तें संक्षिप्त रूप. पण तो कोठून आला हें ज्यास ठाऊक नाहीं, तो परीक्षेच्या घाईंत १८/५ नें गुणतो, आणि आगगाडी विमानाच्या वेगानें पळवितो. आमच्या मुलीची गाडी सेकंदास दोनशें मीटरांहून अधिक धांवली होती. तें मीं तिला दाखविलें, तेव्हां ती लाजली; हंसली मात्र नाहीं.

हंसली ती घनतेच्या उदाहरणाला. पाण्याची घनता घन सेंटिमीटरास १ ग्रॅम. ती घनमीटरास किती किलोग्रॅम? तिनें लिहिलें होतें, १/१०. कारण मीटराचे सेंटिमीटर शंभर, म्हणून घनमीटराचे घन सेंटिमीटरही शंभरच, असें तिनें धरलें. भागाकार त्यापुढें अगदीं शुद्ध केला होता. मीं तिला गच्चीवर नेलें. आमच्या गच्चीवर हजार लिटरांची पाण्याची टाकी आहे, आणि हजार लिटर म्हणजे बरोबर एक घनमीटर. मीं विचारलें, "ही टाकी कांठोकांठ भरली, तर आंतल्या पाण्याचं वजन तुझ्या उत्तराप्रमाणें किती?"

"शंभर ग्रॅम," ती म्हणाली, आणि स्वतःच्या शब्दांनींच दचकून हंसत सुटली. "अगं बाई! वाटीभर सुद्धां नाही!"

मग तेथेंच टाकीच्या झाकणावर कागद ठेवून हिशेब केला. सेंटिमीटर म्हणजे १/१०० मीटर. लांबी, रुंदी व उंची या तिन्हींचा शंभरावा भाग घ्यावयाचा, म्हणून घन सेंटिमीटर म्हणजे १/१०० गुणिले १/१०० गुणिले १/१००, अर्थात् घनमीटराचा दहा लक्षावा भाग. ग्रॅम म्हणजे किलोग्रॅमचा १/१०००. आतां १/१००० ला १/१०,००,००० नें भागावयाचें. येथें मुलें छेद उलटा करून गुणतात. परंतु कां उलटावयाचा, हें दहांपैकीं नऊ जणांस सांगतां येत नाहीं. मीं तिला इतकेंच विचारलें कीं, एका हजारांशांत किती दशलक्षांश मावतात? ती म्हणाली, हजार. झालें! छेद उलटून गुणल्यानेंही तेंच उत्तर येतें. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ सालच्या आपल्या ग्रंथांत हीच रीत दिली आहे, तेव्हां ती परदेशांतून आलेली नवलाई नव्हे. पाणी घनमीटरास १००० किलोग्रॅम, आणि टाकीतलें पाणी एक टन. खालीं येऊन आम्हीं तेलाची पिशवी पाहिली. खाद्यतेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर बहुधा ९१० ग्रॅम असें छापलेलें असतें. लिटराचे घन सेंटिमीटर हजार; म्हणून तेलाची घनता ०.९१, किंवा घनमीटरास ९१० किलोग्रॅम, आणि म्हणूनच आमटीवर तवंग येतो. त्या पिशवीवरील दोन आंकडे इतके दिवस कोणी जोडून पाहिले नव्हते, याचें तिला फार नवल वाटलें. मला वाटलें नाहीं. मीं तरी कोठें पाहिले होते!

तिसरी चूक सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट. दहावीच्या उजळणीचा एक प्रश्न होता. ६ ओहम् व ३ ओहम् रोधाच्या दोन तारा समांतर जोडल्या, तर एकूण रोध किती? सूत्र तिनें बरोबर लिहिलें, १/६ अधिक १/३. पुढें मात्र अंशांत अंश व छेदांत छेद मिळवून २/९ केले, ते उलटे करून साडेचार ओहम् उत्तर दिलें. ही चूक लाल शाईनें जात नाहीं. तिला वाटीनें घालवावी लागते. मीं म्हटलें, "तुझ्याच रीतीनें पाव वाटी साखर आणि अर्धी वाटी साखर मिळव." पाव म्हणजे १/४, अर्धी म्हणजे १/२, अंशांची बेरीज २, छेदांची ६, म्हणजे वाटीचा तिसरा भाग. अर्ध्या वाटींत पाव वाटी घातली आणि ती अर्धीहून कमी झाली! ती स्वतःच म्हणाली, "पाऊण व्हायला हवी." पाऊण कशी झाली? अर्ध्याचे दोन पाव केले, आणि एक पाव मिळविला. समच्छेद करणें, लसावि काढणें, हीं नांवें मोठीं, काम एवढेंच. १/३ चे २/६ केले, त्यांत १/६ मिळविला, ३/६ झाले, म्हणजे १/२. म्हणून रोध २ ओहम्.

मामंजींनीं यावर लीलावती काढली. भास्कराचार्यांच्या त्या ११५० च्या सुमाराच्या ग्रंथाचा आरंभच नाणीं, वजनें व मापें यांच्या कोष्टकांनीं होतो. आधीं एककें, मग गणित. तिच्यांत झऱ्यांचें एक उदाहरण आहे. एक झरा तळें एका दिवसांत भरतो, दुसरा अर्ध्या दिवसांत, तिसरा एक तृतीयांश दिवसांत, चौथा एक षष्ठांश दिवसांत. चारही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? पहिला दिवसास एक तळें भरतो, दुसरा दोन, तिसरा तीन, चौथा सहा. मिळून बारा. म्हणून एक तळें दिवसाच्या बाराव्या भागांत भरेल. समांतर तारांचें गणित हेंच. झऱ्यांच्या जागीं तारा आणि पाण्याच्या जागीं विद्युत्. वाटा वाढल्या म्हणजे अडथळा कमी होतो, म्हणून उत्तर सर्वांत लहान रोधाहूनही लहान आलें पाहिजे. तीन ओहमांची तार हातांत असतां साडेचार येऊंच शकत नाहींत. एवढी शंका यावयास लागली, तरी अर्धे गुण वांचतात.

एककें प्रत्येक ओळींत लिहावींत, हा माझा आग्रह मुलांना जाचक वाटतो. "शेवटीं लिहिलं तरी चालतं," असें तिनेंही ऐकविलें. त्यावर मीं तिला १९८३ सालची कॅनडांतील हकीगत सांगितली. २३ जुलै रोजीं मॉन्ट्रियलहून ओटावामार्गें एडमंटनला जाणारें एक मोठें बोइंग ७६७ विमान इंधन संपल्यामुळें आकाशांत बंद पडलें. विमान नवें, इंधन किलोग्रॅममध्यें मोजणारें; कंपनीचीं जुनीं विमानें पौंडांत मोजणारीं. इंधनाचा मापक बिघडला होता, म्हणून टाकींतील इंधन हातानें मोजून हिशेब केला. प्रवासास २२,३०० किलोग्रॅम हवें होतें, आणि टाकींत ७,६८२ लिटर होतें. लिटराचें वजन १.७७ धरून त्यांनीं १३,५९७ काढले, ते २२,३०० मधून वजा केले, आणि उरलेल्या ८,७०३ ला पुन्हां १.७७ नें भागून सुमारें ४,९०० लिटर भरलें. परंतु १.७७ हे पौंड होते! किलोग्रॅम हवे असतील तर लिटरास सुमारें ०.८ धरावयास पाहिजे होते, आणि भरावयास पाहिजे होतें वीस हजार लिटरांहून थोडें अधिक. बेरीज, वजाबाकी, भागाकार, कशांतही चूक नव्हती. कोणी १३,५९७ च्या पुढें 'पौंड' हा एक शब्द लिहिला असता, तर पौंड किलोग्रॅममधून वजा होत नाहींत हें कोणत्याही डोळ्यास दिसलें असतें. विमानचालकास बिनयंत्राचें ग्लायडर उडविण्याचा सराव होता, म्हणून त्यानें तें धूड गिम्ली गांवच्या जुन्या लष्करी धांवपट्टीवर तरंगत आणून उतरविलें. एकूण एकूणसत्तर माणसें वांचलीं. मुलगी बराच वेळ तो कागद पाहत होती. नंतर तिनें आपल्या वहींतल्या एका जुन्या उदाहरणांत प्रत्येक ओळीस एकक जोडावयास आरंभ केला, आणि तिसऱ्या ओळींतच, "काकू, इथंच चुकलंय बघ," म्हणून मला हांक मारली.

अर्ज द्यावयास अद्यापि पांच दिवस होते. भावोजींना मीं एवढेंच म्हटलें कीं, नापसंतीचा अर्ज जरूर द्यावा, पण भीतीचा देऊं नये. त्यांनीं तो टेबलाच्या खणांत ठेविला. त्या दिवसापासून रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर पंधरा मिनिटें, घड्याळ लावून पंधराच, मुलगी आणि मामंजी समोरासमोर बसतात. कागदावर तीन उदाहरणें, तोंडीं पांच. यंत्रावर आंकडे दाबावयाचे नाहींत असा नेम. मात्र शेवटीं ताळा पाहण्यास यंत्र घेतलें तर मामंजी रागावत नाहींत, कारण त्यांना त्यावर मात करण्याची हौस आहे. उत्तर काढण्यापूर्वीं तें सुमारें किती यावें हें मोठ्यानें सांगावयाचें, हा दुसरा नेम. घरांतील लहान मुलेंही आतां भोंवतीं जमतात, आणि सासूबाई निवडण्याचें ताट घेऊन तेथेंच बसतात. दिवाळीपूर्वींच्या चांचणींत तिला सतरा गुण मिळाले. एकक विसरल्याबद्दल अजूनही एक गुण गेलाच होता, आणि एके ठिकाणीं भागाकार उलटा झाला होता. अर्ज खणांत तसाच आहे. त्याची मुदत मात्र गेली.

ज्या घरीं अशी बैठक सुरू करावयाची असेल, त्यांच्यासाठीं मामंजींनीं या महिन्याचीं चार उदाहरणें दिलीं आहेत. पाऊण तासांत ५४ किलोमीटर जाणाऱ्या मोटारीचा वेग ताशीं किती, आणि सेकंदास किती मीटर? ९१० ग्रॅमच्या लिटराप्रमाणें अडीच लिटर तेलाचें वजन किती? ४ ओहम् आणि १२ ओहम् समांतर जोडले तर रोध किती? आणि चौथें त्यांच्या विशेष आवडीचें : हवेंत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४० मीटर, घटकेचीं पळें साठ, तर वीज चमकल्यावर बरोबर एका पळानें गडगडाट ऐकूं आला, तर ती किती दूर पडली असेल? उत्तरें अनुक्रमें ताशीं ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदास २० मीटर, २ किलो २७५ ग्रॅम, ३ ओहम्, आणि ८ किलोमीटर १६० मीटर. चौथ्यांत पळ म्हणजे किती सेकंद, हें मुलांनीं आपलें आपण काढावें. वडिलांनीं मध्यें बोलूं नये.